खांदेमळणी आणि झूल

काही वर्षांपूर्वी पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास, सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा आपल्या सहा वर्षांच्या बहिणीला कडेवर घेऊन धावतच माझ्या दवाखान्यात शिरला. ती सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसली होती. रस्त्यात खड्डा आला, तोल सावरण्यासाठी तिने पाय आत ओढला आणि तो चाकात गेला. टाचेची कातडी तारांनी सोलून निघाली होती. मुलगी रडून थकली होती. भाऊ मात्र अजून थरथरत होता.

जखम धुतली, एक्स-रे काढला, अस्थिरोगतज्ज्ञ मित्राला बोलावून घेतले. हाड शाबूत होते, टाचेमागची जाड कंडराही वाचली होती. परंतु आपण सारे जाणतो की या जखमा मोठ्या फसव्या असतात. फिरते चाक आणि सायकलची चौकट यांच्यामध्ये पाय चेंगरला जातो. पहिल्या दिवशी जिवंत दिसणारी त्वचा तीन-चार दिवसांनी काळी पडू लागते. म्हणून 'वरून तर बरी दिसते आहे' या भरवशावर अशा मुलाला घरी पाठवून निश्चिंत होता येत नाही.

त्यांना पोहोचविण्यासाठी बाहेर आलो, तेव्हा ती सायकल दाराशी उभी होती. जुन्या काळ्या सायकलला मोरपिशी रंग दिलेला, दांडीवर सोनेरी रेषांनी काढलेला पिसारा, चिमट्यावर ज्वाळा आणि मागच्या नळीवर मालकाचे वळणदार अक्षरांतील नाव. चित्र खरोखर सुरेख होते. काढणाऱ्याच्या हातात कला होती. पण चित्र पूर्ण दिसावे म्हणून चेनकव्हर काढून टाकले होते, मडगार्ड काढले होते आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना असणारी, जिला आपण साडीगार्ड म्हणतो, ती जाळीही उतरविली होती. ती जाळी जागेवर असती, तर त्या मुलीचा पाय चाकात गेलाच नसता. "पेंटरकडून मुद्दाम काढून घेतलंय, डॉक्टरसाहेब," असे तो मुलगा खाली मान घालून म्हणाला. त्याला रागावण्याचे धैर्य मला झाले नाही.

घरी परतताना शेजारच्या वाडीत बैलांची खांदेमळणी चालली होती. वाचकांपैकी ज्यांचे बालपण खानदेशात, वऱ्हाडात किंवा आपल्या निमाडात गेले असेल, त्यांना हा विधी सांगावयास नको. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळतात, शेकतात. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. मग दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगुरमाळा आणि पाठीवर झूल. आधी खांदा, नंतर झूल, हा क्रम आपल्या पूर्वजांनी ठरवून दिला. त्या संध्याकाळपासून हा क्रम माझ्या मनात घर करून बसला आहे. सजविलेल्या सायकलींविषयी जे काही सांगावयाचे आहे, ते सारे त्यातच आहे.

फुलपाखरांची सायकल

सायकल सजविण्याची हौस केवळ आपल्या गल्लीतली नाही. जगातील एका अतिशय महागड्या सायकलची कथा याच क्रमाची आहे. फक्त उलट्या बाजूने.

२००९ साली लान्स आर्मस्ट्राँग हा अमेरिकन सायकलपटू निवृत्तीनंतर पुन्हा शर्यतीत उतरला. १९९६ साली त्याला वृषणाचा कर्करोग झाला होता आणि तो फुप्फुसांपर्यंत व मेंदूपर्यंत पसरला होता. सिसप्लॅटिनवर आधारलेल्या उपचारांनी तो बरा झाला आणि १९९९ ते २००५ या काळात 'टूर द फ्रान्स' ही शर्यत त्याने सलग सात वेळा जिंकली. त्याच्या पुनरागमनाच्या वर्षी जगातील नामवंत चित्रकारांनी त्याच्यासाठी सायकली रंगविल्या. त्यांपैकी ब्रिटिश कलावंत डेमियन हर्स्ट याने सायकलच्या चौकटीवर आणि चाकांच्या कडांवर खऱ्या फुलपाखरांचे पंख चिकटवून त्यावर पारदर्शक लेप दिला. जुलै २००९ मध्ये शर्यतीच्या अखेरच्या टप्प्यात आर्मस्ट्राँग त्याच सायकलवरून पॅरिसमध्ये शिरला. प्राणिमित्रांनी निषेध केला, वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला सदबीज या संस्थेने त्या सायकलींचा लिलाव केला. एकूण साडेबारा लाख डॉलर आले. एकट्या फुलपाखरांच्या सायकलला पाच लाख डॉलर मिळाले. ही रक्कम कर्करुग्णांसाठी काम करणाऱ्या त्याच्या संस्थेला गेली.

पुढची हकिगत सर्वांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेचा अहवाल प्रसिद्ध झाला, सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि जानेवारी २०१३ मध्ये दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत त्याने अपराध कबूल केला. त्याच्या यशामागील एक प्रमुख द्रव्य होते एरिथ्रोपोएटिन. मूत्रपिंडे निकामी झालेल्या मुलांचे रक्त वाढावे म्हणून आपण जे इंजेक्शन देतो, तेच हे. निरोगी माणसाने ते घेतले म्हणजे तांबड्या पेशींचे प्रमाण वाढते, स्नायूंना अधिक प्राणवायू मिळतो आणि त्याच वेळी रक्त घट्ट होऊन गुठळ्यांचा धोका वाढतो.

त्या सायकलवरील पंख खरे होते, तिची चौकट उत्तम होती आणि लिलावातून आलेल्या पैशाने रुग्णांचे भलेही झाले असेल. खोट होती ती खोगिरावर बसलेल्या माणसाच्या धमन्यांत. एवढ्या मोठ्या झुलीखालचा खांदा कुणी तपासून पाहिला नव्हता. ज्यांनी शंका घेतली, त्यांना वर्षानुवर्षे अपमान सोसावा लागला.

सांध्यातून उमललेली नक्षी

यावरून नक्षीकामच वाईट, असा निष्कर्ष कुणी काढील तर तो अन्याय होईल. सायकलच्या इतिहासात याचा उलट दाखलाही आहे.

आपण आज जिला सायकल म्हणतो, तिचे मूळ रूप १८८५ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने बनविलेल्या 'रोव्हर'मध्ये सापडते. दोन जवळजवळ सारखी चाके, मागच्या चाकाला साखळी आणि मधे चौकट. पुढे या चौकटीला जो दोन त्रिकोणांचा आकार आला, तो सव्वाशे वर्षे उलटली तरी फारसा बदललेला नाही. कारण त्रिकोण वाकत नाही. कमीत कमी नळीत जास्तीत जास्त भार पेलण्याची ती युक्ती आहे. तिच्यात पहिली मोठी भर घातली ती जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने. बेलफास्टच्या खडबडीत रस्त्यांवर आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला हादरे बसतात, हे पाहून त्याने तिला हवेने फुगविलेल्या रबरी धावा बसविल्या आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. एका बापाने मुलाच्या तीनचाकीकडे पाहिले आणि त्याला तिचा रंग न दिसता तिचा धक्का दिसला! आपल्या व्यवसायाच्या या चुलतभावाचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

लंडनमध्ये हेचिन्स नावाचा सायकली घडविणारा एक कारखाना होता. विसाव्या शतकात त्याच्या चौकटी जगभरच्या शौकिनांत गाजल्या. नळ्या जिथे एकमेकींना मिळतात, तिथे पोलादी खोबणी असते. हेचिन्सचे कारागीर त्या खोबणीच्या कडा कानशीने घासून वेलबुट्टीसारख्या करीत. ही नक्षी रंगाची नव्हती. ती सांध्याचीच होती. खोबणीची कड पातळ असली म्हणजे वितळविलेले पितळ आत सर्वत्र पोहोचले की नाही, हे कडेला दिसून येते. काम कच्चे असेल तर तीच नक्षी चहाडी करते! या कारखान्याची दुसरी खूण म्हणजे मागच्या चाकाला धरणाऱ्या नळ्यांचा नागमोडी बाक. त्याने धक्के कमी होतात, असा दावा केला जाई. जाणकार मात्र सांगतात की सायकलवर नाव न लिहिताही ती दुरून ओळखू यावी, हाच त्यामागचा खरा हेतू होता. थोडक्यात, एकाच सायकलवर सांध्याची नक्षी कामाची आणि नळीचा बाक बहुतांशी मिरवण्याचा! दोन्ही गुण्यागोविंदाने नांदत होते, कारण मिरवण्यासाठी कामाचे काही काढून टाकलेले नव्हते.

ढाक्याच्या सायकलरिक्षांचेही असेच आहे. त्यांच्या पाठीवर रंगविलेले मोर, वाघ, नदीकाठची गावे आणि चित्रपटांतील नायिका यांची कीर्ती एवढी की २०२३ साली युनेस्कोने त्या कलेचा मानवी वारशाच्या यादीत समावेश केला. ते चित्र रिक्षेच्या चाकाला किंवा ब्रेकला आडवे येत नाही. दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाच्या वाहनाला ते चेहरा देते आणि गिऱ्हाइकालाही खेचून आणते.

रंग न दिसणारा चित्रकार

मराठी माणसाला या विषयात आपल्या घरचाच एक मोठा दाखला आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हावयास निघाले होते. वडिलांचा विरोध पत्करून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षांनी ध्यानात आले की त्यांना काही रंग ओळखूच येत नाहीत. अंशतः रंगांधत्व होते. चित्रकलेचा मार्ग तिथेच खुंटला. रेषेवर मात्र त्यांची हुकमत होती. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिकवू लागले आणि बंधू रामूअण्णांसह १८८८ साली बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले. योगायोग पाहा, त्याच वर्षी डनलॉपने हवेच्या धावांचे पेटंट घेतले होते.

रंगांधत्व हे आपण बहुधा शाळेच्या किंवा नोकरीच्या तपासणीत नोंदवितो आणि पुढे जातो. सुमारे दर बारा-तेरा पुरुषांमागे एकाला रंगदृष्टीचा काही ना काही दोष असू शकतो. किर्लोस्करांच्या बाबतीत या उणिवेने त्यांचे लक्ष रंगावरून आकाराकडे वळविले, असे म्हणावयास हरकत नाही. सायकलीची चौकट समजली त्याला यंत्राची चौकट समजली. सायकलींच्या दुकानातून पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे तो नांगर सुरुवातीला खपेना. किर्लोस्करांनी त्याला आकर्षक रंग देऊन बाजार गाठला नाही. शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकून त्यात सुधारणा केल्या. १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यासाठी जमीन दिली ती औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी, आणि ते स्वतः चित्रकार होते! रंगाचा उपासक आणि रंग न दिसणारा यंत्रकार यांच्या सहकार्यातून महाराष्ट्राच्या उद्योगाचा एक पाया घातला गेला. कला आणि उपयुक्तता यांचे वैर असते, असे म्हणणाऱ्यांनी किर्लोस्करवाडी आठवावी.

हमामखाना आणि कुंडी भंडारा

बुऱ्हाणपुरात राहणाऱ्याला तर हा धडा रोज डोळ्यांसमोर आहे. बाहेरगावचे पाहुणे आले म्हणजे आपण त्यांना शाही किल्ल्यातील हमामखाना दाखवितो. छतावरची रंगीत नक्षी पाहून ते थक्क होतात. पण हमामखान्याचे प्राण म्हणजे पाणी. गावाला पाणी पुरविण्यासाठी १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानान यांच्या कारकिर्दीत इराणी भूगर्भज्ञ तबकुतुल अर्ज याने सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्याने, कुंडीमागून कुंडी जोडीत, केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत आणले. कुंडी भंडाऱ्याला ना नक्षी, ना कमानींचा थाट; वरून पाहिले तर नुसती विहिरींची तोंडे. त्याचेही नाव २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. छतावरचे रंग बरेचसे उडाले. खाली मात्र पाणी वाहतेच आहे.

याच गावातील यंत्रमागांवर जाणारे कितीतरी कामगार पिढ्यान् पिढ्या हँडलला डबा अडकवून सायकलवरून गेले. दसऱ्याला त्या सायकलींना झेंडूच्या माळा घातल्या जात. मुठींना गोंडे आणि चाकांच्या आसाला रंगीत फुलोरे असत. पण त्याआधी छर्रे काढून रॉकेलने धुतले जात, कप आणि कोन तपासले जात, चेनला तेल दिले जाई. ती त्या लोखंडी बैलाची खांदेमळणीच नव्हती काय?

पुढे त्या मोरपिशी सायकलबद्दल मी आमच्या भागातील एका वृद्ध सायकल-मिस्त्रींना विचारले. ते हसून म्हणाले, "डॉक्टरसाब, रंग तो सब देखते हैं, छर्रे कौन देखता है?" त्यांच्या त्या एका वाक्याने हा लेख लिहिण्याची बुद्धी झाली.

पालकांसाठी चार शब्द

आज दुकानात लहान मुलांच्या सायकली पाहिल्या तर डोळे दिपतात. चौकटीवर वाघ, परी, मोटारगाडी, जाड जाड नळ्या, शोभेचे शॉकअॅब्सॉर्बर. एकदा कुतूहलापोटी अशी एक सायकल मी दवाखान्यातील वजनकाट्यावर ठेवली. तिचे वजन साडेअकरा किलो भरले आणि तिच्या मालकाचे सतरा! सत्तर किलोच्या बापाला कुणी सत्तेचाळीस किलोची सायकल चालवावयास दिली, तर तो काय म्हणेल? मुलगा सायकल शिकत नाही म्हणून त्याला भित्रा ठरविण्यापूर्वी ती सायकल एकदा उचलून पाहावी.

खरेदीच्या वेळी चित्र मुलाने निवडावे. तो त्याचा हक्क आहे. बाकीचे आपण पाहावे. खोगिरावर बसल्यावर मुलाचे पाय जमिनीला टेकतात काय? 'पुढच्या वर्षीही चालेल' म्हणून मोठी सायकल घेणे बुटांच्या बाबतीत एक वेळ खपते, सायकलीच्या बाबतीत नाही. ब्रेकची मूठ त्याच्या चिमुकल्या बोटांत मावते काय आणि दाबली तर चाक थांबते काय? चेनवर कव्हर आहे काय? मागे दुसरे मूल बसणार असेल तर जाळी आणि पाय ठेवण्याची सोय आहे काय? हँडलच्या दोन्ही टोकांना रबरी मुठी घट्ट बसलेल्या आहेत काय? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु मूठ निघून गेलेल्या हँडलची उघडी नळी पडताना पोटात घुसते. वर फक्त एक गोल वळ दिसतो आणि आत यकृत, स्वादुपिंड किंवा आद्यांत्र फाटलेले असू शकते. पोटावर असा वळ घेऊन आलेल्या मुलाला, ते हसत असले तरी, देखरेखीखाली ठेवावे हे तरुण सहकाऱ्यांना आवर्जून सांगावेसे वाटते.

जुनी सायकल रंगवून घेतली असेल तर सांध्यांकडे नीट पाहावे. तुटलेला चिमटा वेल्डिंग करून वर झकास रंग मारला की दोष झाकला जातो, नाहीसा होत नाही.

रंगाविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. भडक पिवळा, नारिंगी, तांबडा या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. भारत सरकारच्या २०१६ च्या नियमांनी १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर मर्यादित केले. औद्योगिक वापराचे रंग त्या नियमांच्या कक्षेबाहेर राहिले. पोटात गेलेल्या शिशापैकी मूल प्रौढाच्या चार-पाच पट अधिक शोषून घेते आणि रक्तात शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानली जात नाही. तेव्हा पोपडे सुटलेली सायकल खरवडण्याचे काम मुलांना देऊ नये आणि खेळून आल्यावर हात धुण्याचा आग्रह सोडू नये.

सायकल ही मोठी पुण्याईची वस्तू आहे, हेही विसरता कामा नये. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मुरलीधरन आणि प्रकाश यांच्या अभ्यासानुसार योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढले. आपल्या मध्य प्रदेशातही शासनाने शाळकरी मुलामुलींना सायकली दिल्या आहेत. त्यांच्या चौकटीवर कुणा चित्रकाराची सही नाही. पण त्या चालतात, आणि त्यांच्यावर बसून मुली शाळेत पोहोचतात.

आपली झूल

मित्रहो, ही सारी चर्चा करताना एक आरसाही आपल्यासमोर येतो. आपले दवाखाने आता देखणे झाले आहेत. प्रतीक्षागृहातील भिंतींवर मीदेखील ससे आणि हत्ती रंगवून घेतले आहेत; मुलांची भीती त्याने खरोखरच कमी होते. परंतु लस ठेवण्याच्या शीतकपाटाचे तापमान दिवसातून दोनदा नोंदविले जाते की नाही, हे त्या हत्तींना ठाऊक नसते. ते मलाच पाहावे लागते, आणि ज्या दिवशी ती नोंद राहून जाते, त्या दिवशी भिंतीवरची चित्रे मला डोळ्यांत खुपतात.

त्या मुलीच्या टाचेची त्वचा चौथ्या दिवशी थोडी काळवंडली. जखम पूर्ण भरून यावयास सहा आठवडे लागले. अखेरच्या तपासणीला ती भावाच्या त्याच सायकलवरून आली. दांडीवरचा पिसारा तसाच होता. मागच्या चाकाला मात्र दोन्ही बाजूंनी नवी जाळी बसविलेली होती आणि त्या जाळीवर, बहिणीच्या हट्टाखातर, पेंटरने एक छोटीशी लांडोर काढून दिली होती.